हवामानबदल शिकायचा, तर आधी आपल्या मंडलाचा पाऊस मोजा

2019 च्या उन्हाळ्यात माण तालुक्यात म्हसवडला जनावरांसाठी चारा छावणी लागली होती. त्याच वर्षी ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथं 40 फुटांना इशारा देतात आणि 45 फूट म्हणजे धोका. पूर ओसरून घरातला गाळ निघतो न निघतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसानं द्राक्षबागा झोडपल्या. सातारा आणि सांगली या शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांनी एकाच वर्षात दुष्काळ, महापूर आणि अवकाळी असं तिन्ही भोगलं.

असं का होतंय आणि त्यात आपल्या हातात काय आहे, हे समजावण्यासाठी आता शाळा-कॉलेजांत, कृषी विज्ञान केंद्रांत शास्त्रज्ञांच्या कार्यशाळा होऊ लागल्या आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यातल्या पुष्कळशा उत्तर ध्रुवावरच्या वितळत्या बर्फानं सुरू होतात आणि ‘झाडे लावा’ म्हणून संपतात. बर्फ वितळतोय हे खरंच आहे. तरीही खटावच्या नववीतल्या मुलीला किंवा कवठेमहांकाळच्या बागायतदाराला त्या बर्फातून आपल्या रानापर्यंत वाट सापडत नाही. माझं ठाम मत आहे की आपल्याकडं हा विषय पर्जन्यमापकापासून सुरू झाला पाहिजे. त्या एका भांड्यातून जवळजवळ सगळं शिकवता येतं. कसं, ते सांगतो.

एक मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बाजूला पट्टी चिकटवायची. झाला पर्जन्यमापक. तो झाडापासून, भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला वाचायचा, कारण हवामान विभागही त्याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस नोंदवतो.

आता हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं डोक्यात बसलं की बातम्यांतले आकडे बोलायला लागतात. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर, तेव्हा एका गुंठ्यावर त्या एका दिवसात साठ हजार लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे सहा टँकर! एकराला दोनशे चाळीस. माण-खटावमध्ये ज्यांनी टँकरच्या रांगेत घागरी लावल्या आहेत, त्यांना हा हिशेब दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खचून माणसं गाडली गेली. दोनशे चाळीस टँकर पाणी एकरभर उतारावर एका दिवसात ओतलं तर मातीचं काय होईल, हे पोरं आपणहून सांगतात.

पुढचा धडा सरासरीचा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, आणि तिथं जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यातली. मग ‘जिल्ह्यात सरासरीच्या शंभर टक्के पाऊस’ या बातमीनं दहिवडीच्या माणसाला काय कळायचं? म्हणून मंडलाचा, म्हणजे महसूल खात्यानं पाडलेल्या काही गावांच्या गटाचा पाऊस बघायचा. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडलांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हिशेब अशाच केंद्रांच्या नोंदींवर चालतो. आपल्या मंडलाचं केंद्र कुठं आहे, ते मोकळ्यावर आहे की झाडाखाली, हे मुलांना घेऊन जाऊन बघणं हासुद्धा कार्यशाळेचाच भाग समजावा.

एवढा फरक का, तर मध्ये सह्याद्री उभा आहे. अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाची हवा डोंगराला अडते आणि वर चढते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती पसरते, गार होते आणि गार हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात. म्हणून कोयना, महाबळेश्वर, नवजाला धो धो. हीच हवा पलीकडं खाली उतरताना दाबली जाते, तापते आणि कोरडी पडते. माण, खटाव, आटपाडी, जत हे सगळे तालुके या पर्जन्यछायेत येतात. महाबळेश्वरला ढग जमिनीलाच टेकतात. त्यामुळंच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 2012 मध्ये तिथं ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली. ढगातले थेंब केवढे, हवेत धूलिकण किती, हे तिथं मोजतात. जागतिक दर्जाचं हे काम आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरावर चाललेलं आहे आणि सहलीला जाणाऱ्या बहुतेक मुलांना स्ट्रॉबेरी माहीत असते, ही प्रयोगशाळा नसते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

हवा आणि हवामान

आज पाऊस पडेल का, हा हवेचा प्रश्न. तीस-तीस वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की जे दिसतं ते हवामान. त्यामुळं ‘यंदा एवढी थंडी पडली, कुठं आहे तुमची तापमानवाढ?’ याला उत्तर एका हिवाळ्यात नसतं, तीस हिवाळ्यांत असतं. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं 2020 मध्ये देशाच्या हवामानाचा एक सविस्तर अहवाल काढला. त्यानुसार 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान साधारण 0.7 अंश सेल्सिअसनं वाढलं. ऐकायला काहीच वाटत नाही. पण याच अहवालात आहे की उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं तापमान 1951 ते 2015 मध्ये एक अंशानं वाढलं. आपला पाऊस येतो समुद्रावरून, म्हणून हा आकडा आपल्या कामाचा.

तापमान वाढतं कशानं? ऊन जमिनीवर पडतं, जमीन तापते आणि ती उष्णता आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात वर सोडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड, बाष्प, मिथेन हे वायू त्यातली काही उष्णता शोषून पुन्हा खाली पाठवतात. पृथ्वीवरची ही घोंगडी मुळात गरजेचीच आहे, नाहीतर सगळं गोठून गेलं असतं. अडचण ती जाड होत चालल्याची आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 कण असत, आज ते 420 च्या वर गेले आहेत. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून ते तिथं गेले.

इथं एक सांगायलाच हवं. कार्यशाळांत दोन बाटल्या घेऊन, एकीत व्हिनेगर-सोड्यानं तयार केलेला कार्बन डायऑक्साइड भरून, दिव्याखाली ठेवण्याचा प्रयोग फार लोकप्रिय आहे. त्यात तापमानात फरक दिसतो, पण तो बहुतांशी जड वायूमुळं हवेची हालचाल मंदावल्यानं दिसतो. निष्कर्ष बरोबर आणि कारण चुकीचं, असं मुलांना शिकवू नये. त्यापेक्षा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वापरतात तसली, शून्याखालचं तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक आणा. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री ती सरळ आभाळाकडं रोखली तर आकडा शून्याच्या बराच खाली जातो. ढगाळ रात्री तीच बंदूक कितीतरी वरचा आकडा दाखवते. म्हणजे ढगाळ आभाळ खाली उष्णता पाठवतंय, हे यंत्रावर वाचता येतं. ढगाळ रात्री गारठा कमी असतो हे द्राक्षवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्याचं कारण त्यांच्या हातात येतं. ढग येतात-जातात. कार्बन डायऑक्साइड तेच काम रात्रंदिवस करतो आणि शेकडो वर्षं टिकतो.

पाऊस कमी, पूर जास्त

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो आणि चांगल्या शास्त्रज्ञानं सर्वात जास्त वेळ इथंच द्यायला हवा. त्याच 2020 च्या अहवालात आहे की 1951 ते 2015 या काळात देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि घट ठळकपणे दिसली ती गंगेच्या मैदानात आणि आपल्या पश्चिम घाटात. दुसरीकडं, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या 2017 च्या अभ्यासात दिसलं की 1950 ते 2015 मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. एकूण पाऊस घटला आणि अतिवृष्टी वाढली. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पाऊस पडायला आभाळाला जास्त वाट बघावी लागते, आणि पडायला लागला की एकदम जास्त पडतो. अरबी समुद्र तापल्यामुळं अधूनमधून बाष्पाचा मोठा लोट पश्चिम किनाऱ्यावरून आत घुसतो आणि दोन-तीन दिवस धुमाकूळ घालतो. पूर्वी महिनाभर रिपरिप पडणारं पाणी आठवड्यात पडून जातं. मग मध्ये लांब उघडीप. वार्षिक बेरीज थोडीच घटलेली दिसते, पण सोयाबीन एकदा सुकतं आणि एकदा बुडतं. जमिनीची पाणी मुरवायची एक गती असते. तिच्यापेक्षा वेगानं पडलेलं पाणी ओढ्याला जातं आणि विहीर कोरडीच राहते. पर्जन्यमापकाच्या वहीत रोजच्या आकड्यांशेजारी ‘पावसाचे दिवस किती’ हा रकाना म्हणूनच ठेवायचा.

तिसरा बदल वेळापत्रकाचा. हवामान विभागानं 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्यानं ठरवल्या तेव्हा वायव्य भारतातून परतीला निघण्याची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. पंधरवड्याहून जास्त सरकली! पूर्वीच्या तारखा फार जुन्या नोंदींवर होत्या, म्हणून हा सगळा फरक तापमानवाढीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण तासगाव-मिरज-पलूसच्या द्राक्ष बागायतदाराला त्याचा अर्थ लगेच कळतो. फळछाटणी धरायची ऑक्टोबरात, पोंगा (नवी फूट) आणि फुलोऱ्याच्या वेळी परतीचा पाऊस डोक्यावर, पानं ओली, डावणी आणि घडकूज हे रोग हात धुऊन मागं, आणि फवारण्यांचा खर्च वाढतच जातो. छाटणी पुढं ढकलली तर बाजार जातो. हवामानबदल म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्याला छाटणीची तारीख ठरवणाऱ्या बागायतदाराशेजारी बसवीन.

पण प्रत्येक पुराचं खापर हवामानबदलावर फोडायचं नाही. सांगलीत 2005 ला पातळी 54 फुटांजवळ, 2019 ला 57 च्या पुढं, 2021 ला 55 च्या घरात गेली. यात वर पडलेला पाऊस आहे, तशीच पूररेषेच्या आत झालेली बांधकामं आहेत, बुजलेले ओढे-नाले आहेत आणि धरणांतून पाणी कधी सोडलं हेही आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं इथला पूर वाढतो का, हा प्रश्न कार्यशाळेत निघतोच. हवामानाच्या अभ्यासकानं त्यावर छातीठोकपणे बोलू नये, त्यासाठी जलसंपदा विभागातला अभियंता शेजारी बसवावा. ‘हा माझा विषय नाही’ असं स्पष्ट सांगणाऱ्या शास्त्रज्ञावर लोकांचा विश्वास जास्त बसतो.

कोयना वीज देते, टेंभू वीज खातं

स्वच्छ ऊर्जेचा धडा आपल्याकडं जितका सोपा आहे तितका क्वचितच कुठं असेल. कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी, आणि प्रकल्पाची वीजक्षमता 1,960 मेगावॉट. यातली बहुतेक वीज होते ती पाणी पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडं पावणेपाचशे मीटर खाली सोडून. तेवढ्या उंचीवरून एक हजार लिटर पाणी आलं की एक युनिटच्या थोडी वर वीज मिळते. धूर नाही, राख नाही, आणि ही यंत्रं काही मिनिटांत सुरू करता येतात. संध्याकाळी सात वाजता सगळ्या घरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात तेव्हा हे फार मोलाचं ठरतं.

कोयनेचं पूर्वेला सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. तिथून जवळच टेंभू. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना हेच कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून दुष्काळी तालुक्यांत नेतात. आता उलटा हिशेब करा. एक एकराला पाटानं चार इंच पाणी द्यायचं म्हणजे चार लाख लिटर. ते शंभर मीटर वर चढवायला, पंपातली घट धरून, दीडशे युनिटच्या घरात वीज लागते. कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका एकराच्या एका पाण्यामागं दीडशे किलो. ठिबक केलं आणि निम्मं पाणी वाचलं तर निम्मी वीजही वाचली. पाण्याची बचत ही ऊर्जेचीच बचत आहे, हे कृष्णाकाठी जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं पुस्तकात दिसणार नाही.

कोयनेची वीज धुराशिवाय मिळते, म्हणून ती किंमत न मोजता मिळाली असं मात्र नाही. ज्यांची गावं त्या पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या अनेकांच्या पुनर्वसनाच्या मागण्या साठ वर्षांनंतरही सुरूच आहेत. हे मुलांना सांगितलंच पाहिजे. ज्या डोंगरदऱ्यांतून ती माणसं उठली, तिथूनच आपल्या घरात दिवा आला.

पवनचक्क्यांनी पाऊस पळवला का?

‘मॅडम, ते पंखे बसले तवापास्नं आमच्याकडचा पाऊस पळाला बघा.’ चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव, कुठल्याही पवनचक्कीच्या पट्ट्यात कार्यशाळा घ्या, हा प्रश्न येतो. विचारणाऱ्या तात्यांवर हसायचं नाही. पंखे आले आणि त्याच काळात दुष्काळी वर्षं आली, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आहे. उत्तर असं द्यावं: पाऊस देणारे ढग खालून कितीही टेकलेले दिसले तरी वर कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात, पवनचक्कीचं पातं पोचतं शे-दीडशे मीटरपर्यंत. पातं वाऱ्यातली थोडी ऊर्जा काढून घेतं, पण समुद्रावरून येणारा पूर्ण मोसमी प्रवाह अडवणं त्याच्या आवाक्यात नाही. आणि माणदेश पर्जन्यछायेत आहे तो सह्याद्री उभा आहे तेव्हापासून. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा या डोंगरांवर एकही पंखा नव्हता.

पवनचक्क्या या पठारांवरच का? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, म्हणून उघडे, उंच सडे शोधले गेले. जून ते ऑगस्टात वारा जोरात असतो आणि नेमकं तेव्हाच ढगांमुळं सौर वीज कमी मिळते. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. खरे आक्षेप वेगळे आहेत: जमिनीचे व्यवहार कसे झाले, आणि रस्त्यांसाठी जांभ्याचा सडा फोडल्यावर त्यावरच्या वनस्पतींचं काय झालं. कासला फुलं बघायला जातो तसलाच हा सडा. हे प्रश्न कार्यशाळेत खुशाल विचारा.

सौरऊर्जेचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती आता बऱ्याच जणांना आहे. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट छप्पर लागतं आणि वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिट मिळतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 2024 पासून तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. आपण साधारण 17 अक्षांशावर, म्हणून पॅनल दक्षिणेकडं जवळपास तेवढ्याच अंशांत कलता ठेवतात. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या शून्य सावलीच्या दिवशी मल्टिमीटर लावून पॅनल फिरवून बघा, कोन म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळतं. त्यातच एका कोपऱ्यावर वही धरा. एवढ्याशा सावलीनं वीज किती घसरते ते पाहून माणसं चक्रावतात. पॅनल फार तापलं तरी उत्पादन कमी होतं, म्हणून रणरणत्या दुपारी ते सर्वात जास्त असेल हा समजही तिथंच मोडतो. शेतकऱ्याला यातला खरा फायदा दिवसा वीज मिळण्याचा. शिराळा-कराड पट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्याच्या घरच्यांना विचारा.

बोलवायचं तर कधी, आणि काय मागायचं

उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि हवामान विभागाचं मोठं कार्यालय पुण्यात आहे, शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात, आणि कृषी विज्ञान केंद्रं दोन्ही जिल्ह्यांत आहेत. पत्र पाठवताना ‘ग्लोबल वॉर्मिंगवर व्याख्यान द्या’ असं लिहू नका. ‘आमच्या मंडलाच्या गेल्या तीस वर्षांच्या पावसाचा आलेख आमच्यासमोर काढून दाखवा’ असं लिहा. सोबत शाळेची पर्जन्यमापकाची वही ठेवा, ती दोन महिन्यांची असली तरी चालेल. आभाळातून वीज पडण्याचा इशारा देणारा ‘दामिनी’ ॲप प्रत्येकाच्या मोबाइलवर घालून घ्या, वळवाच्या दिवसांत रानात असलेल्या माणसाचा त्यानं जीव वाचू शकतो. बाया येतील अशी वेळ निवडा, कारण पाणी भरणं आणि चूल दोन्ही बहुधा त्यांच्याकडं असतात. आणि ऑक्टोबर टाळा. सांगलीकडं छाटणी, साताऱ्याकडं सोयाबीनची काढणी आणि पुढं कारखान्यांचा हंगाम, कुणी फिरकणार नाही. मेचा पहिला पंधरवडा उत्तम. शाळेला सुट्टी असते, हॉल मोकळा मिळतो, सूर्य डोक्यावर असतो आणि पर्जन्यमापक बसवायला पावसाआधी महिना हातात राहतो.